पडद्यावर १५, पोटावर २६ : आबांचे वाया गेलेले श्वास

शिरोलीकर (मूळ धागा)

आबा ११ दिवस व्हेंटिलेटरवर होते. आता घरी आलेत, म्हणून हे लिहायला बसलोय. एक प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

आबांनी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत मोल्डिंगला ३१ वर्षं काढली. वाळूची धूळ, भट्टीचा धूर आणि वर बिडी. सात-आठ वर्षांपूर्वी सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होत जाणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) निघाला. या श्रावणात छातीत कफ भरला, बोलताना वाक्य पुरं होईना, ओठ निळे पडले. इथल्याच एका खासगी दवाखान्यात आयसीयूत घेतलं आणि त्याच रात्री नळी घातली.

पहिले चार दिवस ते पूर्ण गुंगीत होते. पाचव्या दिवशी औषध कमी केल्यावर डोळे उघडायला लागले. मला दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं आत सोडायचे. नळी असल्यानं बोलणं नाही. मी नुसता त्यांच्या पोटावर हात ठेवून उभा राहायचो. लहानपणी मला ताप आला की ते असंच बसायचे.

हात ठेवल्यावर कळलं की पोटाची हालचाल आणि मशीनचा आवाज जुळत नाही. पोट उचलायचं, मानेच्या शिरा ताणायच्या आणि मशीन गप्प. मग पुन्हा पोट उचलायचं, तेव्हा कुठं मशीन हवा द्यायचं. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजलं. पोटाचे २६. पडद्यावर १५. संध्याकाळी परत मोजलं तर २५ आणि १४.

ड्यूटीवरच्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, १५ चा रेट चांगला आहे, पेशंट आरामात आहे. दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर राउंडला आले, त्यांना धीर करून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. स्वतः पोटावर हात ठेवला, पडद्याकडे दोनेक मिनिटं टक लावून बघितलं आणि प्रेशर सपोर्ट (प्रत्येक श्वासाला मशीन देतं तो मदतीचा दाब) १८ वरून १२ वर आणला. थोड्या वेळानं पडद्यावरचा आकडा २४ झाला. मला वाटलं बिघडलं, पाय कापायला लागले. ते म्हणाले, "बिघडलं नाही. तुमचे वडील आधीपण २६ च घेत होते. त्यातले ११ मशीनला कळतच नव्हते."

त्यानंतर पाच दिवसांनी नळी निघाली.

आता प्रश्न. एवढं लाखो रुपयांचं मशीन, प्रत्येक श्वासाचा ग्राफ काढतंय. मग माणसानं घेतलेला श्वास त्याला कळत कसा नाही? आणि असे वाया गेलेले श्वास मोजून सांगणारी काही सोय आहे का? मी दिवसातली वीस मिनिटं आत होतो. बाकीच्या वेळी कोण मोजत होतं?

---

कसबा बावडा

आबा घरी आले हे वाचून फार बरं वाटलं. आईच्या वेळी मी पडद्यावरचे आकडे वहीत उतरवून घ्यायचो, ऑक्सिजन किती, नाडी किती. पोटाकडे बघायचं सुचलं नाही. जाणकारांनी नक्की लिहा.

---

रात्रपाळी

दादा, मी नऊ वर्षं आयसीयूत स्टाफ नर्स आहे. तुम्ही जे हातानं पकडलंत ते आम्हाला शिकवलेलं असतं. पण रात्री माझ्याकडे तीन बेड असतात. एकाच्या नळीतला कफ ओढून काढायचा (सक्शन), दुसऱ्याचं बीपी पडतंय म्हणून पंप वाढवायचा, तिसऱ्याला कूस बदलून द्यायची. एका पेशंटच्या पोटावर हात ठेवून पूर्ण मिनिट उभं राहणं होत नाही, हे मी मान्य करते. आणि ते मला सलतं.

पडद्यावर खूण दिसते. फ्लोच्या ग्राफमध्ये श्वास सोडतानाची रेघ शून्याच्या खाली जाते आणि हळूहळू वर येत शून्याला टेकते. आबांसारख्या पेशंटमध्ये ती वर येता येताच मध्ये एक उंचवटा दिसतो, उचकी लागल्यासारखा. त्याच वेळी प्रेशरच्या रेघेत बारीकसा खळगा. तो उंचवटा म्हणजे पेशंटनं ओढलेला आणि मशीननं न दिलेला श्वास.

पेशंट उघड उघड मशीनशी भांडत असेल, खोकत असेल, तर अलार्म वाजतो आणि सगळे धावतात. हे श्वास गुपचूप जातात. रेट ३५ च्या वर गेला तर वाजायला अलार्म आहे, नळी निसटली तर आहे, पण ह्याला नाही. उलट पडद्यावरचा रेट कमी दिसतो म्हणून सगळे निश्चिंत. चार्टवर मीही १५ च लिहिलं असतं, कारण पडद्यावर तेच होतं.

आणखी एक. पेशंट घामाघूम दिसला की कधी कधी गुंगीचं औषध वाढवायची ऑर्डर येते. ह्या प्रकारात त्यानं आणखीच बिघडतं असं मी पाहिलंय. खरं कारण डॉक्टरांनी सांगावं.

---

भूलतज्ज्ञ राजारामपुरी

सिस्टरनी खूण अगदी बरोबर सांगितली. मी कारण सांगतो, जरा लांबेल.

मशीनला माणूस दिसत नाही. त्याला नळीतला दाब आणि हवेचा प्रवाह एवढंच कळतं. दाब ठरलेल्या आकड्यानं, समजा २ सेंटिमीटर पाण्याइतका, खाली गेला किंवा प्रवाह मिनिटाला २ लिटर इतका आत वळला, की मशीन समजतं की पेशंटला श्वास हवाय. ह्याला ट्रिगर म्हणतात. तिथवर पेशंटची ओढ पोचली नाही तर मशीनच्या लेखी काही घडलेलंच नसतं.

सीओपीडीत श्वास सोडताना बारीक श्वासनलिका मिटतात. हवा बाहेर पडायला वेळ लागतो, आणि ती पूर्ण निघायच्या आत पुढच्या श्वासाची वेळ होते. छातीत हवा आणि दाब शिल्लक राहतो. त्याला आम्ही ऑटो-पीप म्हणतो. श्वास सोडून झाल्यावरही नळीत थोडा दाब राहावा म्हणून मशीनवर आपण मुद्दाम लावतो तो पीप वेगळा. आता हिशेब बघा. आबांच्या छातीत ऑटो-पीप १० आहे आणि मशीनवर पीप ३ लावलाय असं धरू. मशीनला कळण्याआधी त्यांना हा ७ चा फरक ओढून मोडावा लागणार आणि त्यावर ट्रिगरचे २. झाले ९. दमलेल्या स्नायूंनी ६ पर्यंत ओढलं आणि सोडून दिलं, तर कष्ट पूर्ण झाले, हवा मात्र काहीच आली नाही. इंग्रजी पुस्तकात ह्याला इनइफेक्टिव्ह एफर्ट म्हणतात. धाग्याच्या नावातला "वाया गेलेला श्वास" मला जास्त नेमका वाटतो.

प्रेशर कमी केल्यावर आबांना बरं का वाटलं, हे नातेवाइकांना समजावणं सगळ्यात अवघड जातं. १८ च्या सपोर्टनं प्रत्येक वेळी मोठा श्वास भरला जात होता. मोठा श्वास बाहेर पडायला आणखी वेळ. शिवाय पेशंटचं ओढून झालं तरी मशीन आत ढकलतच राहतं, म्हणजे सोडायला मिळणारा वेळही कमी. हवा साठत जाते, ऑटो-पीप चढतो आणि पुढची ओढ वाया जाते. वर मोठे श्वास मिळत असले की मेंदूची ओढही मंदावते. गुंगीच्या औषधाचंही तसंच. ओढ आणखी दुबळी होते, पेशंट शांत दिसतो आणि वाया जाणारे श्वास वाढतात. सिस्टर, तुम्ही पाहिलंत ते खरं आहे.

उपाय ह्याच हिशेबातून निघतात. सपोर्ट कमी करणं, मशीनला आत ढकलणं लवकर थांबवायला सांगणं (आत जाणारा प्रवाह त्याच्या कमाल वेगाच्या किती टक्क्यांवर उतरला की थांबायचं, तो हा आकडा; बहुतेक मशीनवर तो २५ वर असतो, सीओपीडीत ४० च्या आसपास नेतात), कफ काढणं, नेब्युलायझर, गुंगी हलकी करणं. आणि बाहेरून पीप वाढवणं.

ह्या शेवटच्या उपायाला लोक दचकतात. छातीत आधीच दाब साठलाय, वर आणखी कशाला? आपल्या पंचगंगेवरचा राजाराम बंधारा डोळ्यांपुढे आणा. बंधाऱ्यावरून पाणी पडत असतं तेव्हा खालच्या अंगाचं पाणी दोन फूट चढलं तरी वरच्या अंगाच्या पातळीत फरक पडत नाही. फक्त पडणाऱ्या पाण्याची उंची कमी होते. खालचं पाणी बंधाऱ्याच्या माथ्याला लागलं की मात्र वरचंही चढायला लागतं, पुरात बंधारा पाण्याखाली जातो तसं. मिटलेल्या श्वासनलिका म्हणजे तो बंधारा. बाहेरचा पीप ऑटो-पीपच्या ७५ ते ८० टक्क्यांपर्यंत नेला तर छातीत जादा हवा साठत नाही, आणि पेशंटला मोडावा लागणारा फरक घटतो. वरच्या उदाहरणात पीप ३ चा ८ केला की ९ ऐवजी ४ ओढून भागतं. पण हे नलिका मिटत असतील तरच. दम्याच्या तीव्र झटक्यात काही पेशंटचं गणित वेगळं असतं, तिथं पीप वाढवला की छाती आणखी फुगते. म्हणून ऑटो-पीप मोजल्याशिवाय हात लावायचा नाही.

---

उद्यमनगर

डॉक्टर, बंधारा वाचून लख्ख कळलं. माझं वर्कशॉप आहे, व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेसरची कामं करतो. मागच्या बाजूनं दाब असेल तर व्हॉल्व्ह उघडत नाही, हे आमच्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो.

मला खटकतं ते वेगळंच. पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. पावसाळ्यात घराघरात हे आकडे पाठ असतात, पातळी तासातासाला मोबाइलवर येते. मग सिस्टरना दिसतो तो उंचवटा मशीननंच ओळखून तशीच इशाऱ्याची पातळी का देऊ नये? ग्राफ काढतंय म्हणजे आकडे त्याच्याकडे आहेतच.

---

शेवटचं सेमिस्टर

नमस्कार. मी इलेक्ट्रॉनिक्सला शेवटच्या वर्षाला आहे आणि माझा प्रोजेक्ट नेमका हाच आहे, म्हणून न राहवून लिहितोय. गाइड मॅडमनी एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन, नाव-गाव काढून टाकलेला फ्लो आणि प्रेशरचा डेटा मिळवून दिला.

सुरुवातीला वाटलं, अगदी सोपं आहे. श्वास सोडतानाचा प्रवाह एका ठरलेल्या वळणानं शून्याकडे येतो, आधी झपाट्यानं आणि मग मंद. तशी आदर्श रेघ आखायची, खरी रेघ तिच्यापासून किती ढळली ते मोजायचं, एका हद्दीपलीकडे ढळली तर वाया गेलेला श्वास धरायचा. किंवा रेघेचा चढ मोजायचा आणि त्याच क्षणी प्रेशरमध्ये खळगा आहे का बघायचं. पहिल्या आठवड्यात चालायला लागलं.

मग फसवे उंचवटे दिसायला लागले. हृदयाच्या ठोक्यानंही प्रवाह हलतो, पण ते उंचवटे बारीक आणि नाडीच्या वेगानं येतात, मिनिटाला ८०-९०. नळीत कफ असेल किंवा पाइपमध्ये पाणी साचलं असेल तर रेघेला करवतीसारखे दात येतात, श्वास घेतानाही आणि सोडतानाही. खोकला, उचकी, सक्शन, पेशंटला कुशीवर वळवणं. एका फाइलमध्ये सलग चार मिनिटं प्रोग्राम ओरडत होता. मॅडमनी ग्राफ बघून लगेच सांगितलं, पाइपमध्ये पाणी आहे.

म्हणून नियम सोडून मशीन लर्निंगकडे वळलो, म्हणजे खुणा केलेले श्वास दाखवून प्रोग्रामलाच शिकू द्यायचं. पहिल्यांदा अचूकता इतकी आली की रात्री झोप लागली नाही. सकाळी मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "शिकवायला वापरलेले श्वास आणि परीक्षेला वापरलेले श्वास एकाच पेशंटचे आहेत का?" होते. एकाच माणसाचे हजारो श्वास दोन्हीकडे वाटले गेले होते. प्रोग्राम श्वास नाही, माणूस ओळखत होता. पेशंट वेगळे केल्यावर आकडा धाडकन खाली आला. तिथून खरं काम सुरू झालं.

सगळ्यात मोठी अडचण मात्र खऱ्या उत्तराची. अमुक ठिकाणी पेशंटनं श्वास ओढला होता, हे सांगणार कोण? दोन डॉक्टरांनी एकच ग्राफ बघून वेगवेगळ्या खुणा केल्या. माझा प्रोग्राम कोणाच्या बाजूचा समजायचा?

---

भूलतज्ज्ञ राजारामपुरी

सेमिस्टर, तुमच्या मॅडमना माझा नमस्कार सांगा. तो प्रश्न फार मोलाचा होता.

खऱ्या उत्तराचे दोन मार्ग आहेत. एक, अन्ननलिकेत फुगा असलेली बारीक नळी सोडून तिथला दाब मोजणं. पेशंटनं ओढलं की तो दाब खाली जातो, मशीननं हवा देवो वा न देवो. दुसरा, नाकातून जठरात जाणाऱ्या नळीवर इलेक्ट्रोड बसवून श्वासपटलाची विजेची हालचाल टिपणं. १९९९ मध्ये ह्याच संकेतावर चालणारं व्हेंटिलेशन मांडलं गेलं, त्याला नावा म्हणतात. त्यात मशीन नळीतल्या दाबाची वाटच बघत नाही, थेट श्वासपटलाचं ऐकतं, त्यामुळे ऑटो-पीपचा अडथळा बराचसा टळतो. पण त्या नळ्या महाग, त्यासाठी ठरावीकच मशीन लागतं. म्हणून फक्त फ्लो आणि प्रेशरवरून ओळखण्याची एवढी धडपड चाललीय.

नुसत्या डोळ्यांवर विसंबणं पुरत नाही. २०११ च्या एका अभ्यासात डॉक्टरांना ग्राफ दाखवून मशीन आणि पेशंटचा ताळ कुठं चुकतोय ते ओळखायला सांगितलं होतं. अनुभवी डॉक्टरांकडूनही बहुतेक जागा सुटल्या. मी स्वतः राउंडला पडद्यासमोर एक मिनिटही उभा राहत नसेन. शिरोलीकरांचे ड्यूटी डॉक्टर चुकले ते ह्या अर्थानं आम्हा सगळ्यांचंच चुकणं आहे.

आता इशाऱ्याची पातळी. २००६ मध्ये पॅरिसजवळच्या क्रेतेय इथल्या गटानं ६२ पेशंट पाहिले. १०० पैकी १० पेक्षा जास्त श्वासांत ताळ चुकला तर ते जास्त धरलं. साधारण चारांत एक पेशंट त्यात आला, आणि बिघाडातला मोठा वाटा ह्या वाया गेलेल्या श्वासांचाच होता. त्या पेशंटना व्हेंटिलेटर साधारण २५ दिवस लागला, बाकीच्यांना ७. तेव्हापासून हा १० टक्क्यांचा आकडा वापरात आहे. आबांचे २६ पैकी ११ म्हणजे ४२ टक्के होतात.

स्पेनमध्ये सबाडेलच्या गटानं तर संगणकालाच बसवलं. सेमिस्टरनी सांगितलेली आदर्श रेघेची पद्धत साधारण त्यांचीच. २०१५ मध्ये त्यांनी ५० पेशंटचे ८७ लाखांहून जास्त श्वास असे तपासले. ताळ चुकण्याचे प्रकार प्रत्येक पेशंटमध्ये आणि दिवसाच्या सगळ्या वेळी सापडले, आणि १० टक्क्यांच्या वरच्या गटात मृत्यू जास्त होते. ८७ लाख श्वास माणसानं बसून मोजणं शक्यच नाही. संगणकाची खरी किंमत मला इथं वाटते.

पण एक गोष्ट ठामपणे सांगतो. वाया गेलेल्या श्वासांमुळे पेशंट दगावतात, हे ह्यातून सिद्ध होत नाही. जास्त आजारी माणसाचेच श्वास जास्त वाया जात असतील. आकडा कमी केला की जीव वाचतो, असं म्हणायला वेगळा पुरावा लागेल. तरीही माणसाचे कष्ट फुकट जाताना दिसत असतील तर ते थांबवायला मला तेवढं कारण पुरे आहे.

---

उद्यमनगर

मग पुढची पायरी सरळ आहे. मोजता येतंय तर प्रेशरही मशीनलाच कमी करू द्या. रात्री तीन वाजता कोणाला उठवायची गरज नाही.

---

भूलतज्ज्ञ राजारामपुरी

इथं मी सहमत नाही. तोच उंचवटा कफानं येतो, स्नायूंच्या दुबळेपणानं येतो, जादा गुंगीनं येतो. स्नायू खरोखर थकलेले असतील आणि मशीननं आपोआप सपोर्ट काढून घेतला तर पेशंट कोसळेल. कारण शोधायला माणूसच लागतो. पेशंटच्या ओढीच्या प्रमाणात मदत देणाऱ्या मशीनच्या पद्धती आहेत, त्यात हवा कमी साठते, पण ऑटो-पीप मोडायचं काम तिथंही पेशंटलाच करावं लागतं. इशारा मशीननं द्यावा, हात माणसानं लावावा.

---

रात्रपाळी

मला एकच सांगायचंय. सेमिस्टर, प्रत्येक वाया गेलेल्या श्वासाला अलार्म लावू नका. हात जोडून सांगते. आमच्याकडे रात्रभर काही ना काही वाजतच असतं. खोकल्यानं वाजतं, पाय हलवला तरी वाजतं. अजून एक वाजायला लागलं तर चार दिवसांत कोणीतरी आवाज बंद करून टाकेल.

मला आवाज नकोच. पडद्यावर मशीनचा रेट लिहिलेला असतो, त्याच्या शेजारी पेशंटचा रेट लिहा. १५ आणि २६. दोन आकडे शेजारी दिसले की मला काही सांगायची गरज नाही, मी स्वतः जाऊन हात ठेवीन. चार्टवरही दोन रकाने करता येतील.

---

भूलतज्ज्ञ राजारामपुरी

सिस्टरची सूचना मला सगळ्यात पटली. तिला जोड म्हणून: २०१७ मध्ये ग्रीसमधल्या क्रीटच्या गटानं दिवसभराच्या सरासरीऐवजी झुंडी मोजल्या. ३ मिनिटांत ३० पेक्षा जास्त श्वास वाया गेले तर ती एक झुंड. अशा झुंडी येणाऱ्या पेशंटचे व्हेंटिलेटरचे दिवस आणि मृत्यू दोन्ही जास्त दिसले. म्हणजे दिवसाची सरासरी बरी दिसली तरी पहाटेची वीस मिनिटं वाईट गेलेली असू शकतात. सेमिस्टर, आवाज द्यायचाच तर तो झुंडीला द्या, एकेका श्वासाला नको.

---

शेवटचं सेमिस्टर

दोन आकडे शेजारी. हे मला सुचलंच नव्हतं, मी लाल दिवा आणि बझर जोडून बसलो होतो. आज काढतो. ३ मिनिटांची खिडकीही घालतो.

सिस्टर, एक विनंती. तुम्ही पोटावर हात ठेवून मोजलेले आणि माझ्या प्रोग्रामनं मोजलेले आकडे ताडून बघता येतील का? दवाखान्याची आणि कमिटीची रीतसर परवानगी मॅडम घेतील. अन्ननलिकेचा फुगा आम्हाला परवडणारा नाही, पण हात तरी खरा असेल.

---

रात्रपाळी

परवानगी येऊ द्या, मी मोजीन. मिनिट पूर्ण मोजायचं, १५ सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही. झुंड मध्येच येते आणि सुटते.

---

शिरोलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आबांना वाचून दाखवलं. बंधाऱ्याचं ऐकून म्हणाले, तेव्हा छातीवर कोणीतरी बसल्यासारखं वाटत होतं, मी ओढायचो आणि काहीच यायचं नाही, सांगायचं होतं पण तोंडात नळी. हे त्यांनी मला आधी कधी सांगितलं नव्हतं.

एक शेवटचं विचारतो. घरी रात्री बायपॅप (मास्कमधून श्वासाला मदत करणारं छोटं मशीन) लावतो. सवयीनं काल रात्री पोटावर हात ठेवून मोजलं. पोटाचे १९ आणि मशीनचे १६. घाबरण्यासारखं आहे का?

---

भूलतज्ज्ञ राजारामपुरी

झोपेत थोडाफार फरक पडतो. पण आधी मास्क बघा. गालाच्या कडेनं हवा सुटत असेल तर मशीनला ओढ नीट कळत नाही. हात मास्कच्या कडेनं फिरवा, गार हवा लागते का ते पाहा. पट्टा सैल असेल तर आवळा, पण नाकावर वळ उठेल इतका नको. प्रेशर मात्र स्वतःहून बदलू नका. ते सकाळी जास्त गुंगलेले वाटले, डोकं दुखतं म्हणाले किंवा पायाला सूज दिसली तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. एरवी मशीनचं नोंदीचं कार्ड आणि तुम्ही मोजलेले आकडे घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा.

---

शिरोलीकर

डाव्या गालाजवळ हवा सुटत होती. पट्टा जुना झालाय, ताण राहिला नाही. नवा सांगून ठेवलाय. तोवर आवळून लावला. रात्री दोनला मोजलं, १८ आणि १७. सोमवारी कार्ड घेऊन जातो.